बाळंतपणासाठी साडेपाच महिने न्यूजर्सीला: स्टेंट आणि मधुमेह असताना विमा कोणता घ्यावा?

मयूर कॉलनी

सर्वांना नमस्कार. आम्ही दोघे कोथरूडला राहतो. माझे वय ६१, यजमानांचे ६६. लेक आणि जावई न्यूजर्सीत नोकरीला आहेत. लेकीला डॉक्टरांनी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख दिली आहे, म्हणून ऑक्टोबरच्या मध्याला निघून मार्चअखेरीस परत यायचे असे आम्ही ठरवले आहे. व्हिसा पूर्वीच मिळालेला आहे, तिकिटेही काढून झाली आहेत. अडले आहे ते विम्यापाशी.

यजमानांना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि २०१९ साली अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलेला आहे. त्यानंतर आजवर काही त्रास झालेला नाही. रोज पहाटे ते वेताळ टेकडीवर जाऊन येतात. आमच्या ओळखीच्या एजंटने दोन पर्याय सांगितले: एक इथल्या कंपनीची ५०,००० डॉलरची प्रवास पॉलिसी आणि दुसरी अमेरिकेतल्या कंपनीची १,००,००० डॉलरची. दुसरीचा हप्ता पहिलीपेक्षा फारसा जास्त नाही, त्यामुळे ती चांगली असावी असे वाटते. पण इथल्या कंपनीचा अर्ज भरताना तो म्हणाला, "काका टेकडी चढतात, मग स्टेंटचे कशाला लिहायचे?" हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आणखी दोन शंका आहेत. आमची इथली पाच लाखांची मेडिक्लेम पॉलिसी अकरा वर्षे सलग चालू आहे आणि तिचा हप्ता जानेवारीत येतो. तेव्हा आम्ही इथे नसूच, तर या एका वर्षी तो भरला नाही तर चालेल का? आणि जावयाच्या ऑफिसच्या विम्यात आमची नावे घालता येतात का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शनिपार

ताई, मी एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात एकतीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपल्या मनाला जे वाक्य टोचते आहे ते टोचायलाच हवे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

इथल्या कंपनीच्या अर्जात पूर्वीच्या आजारांचा रकाना असतो आणि त्याखाली अर्जदाराची सही असते. एजंटची नसते. उद्या छातीत दुखून यजमानांना भरती करावे लागले, तर तिथल्या इस्पितळात सर्वात आधी जी माहिती लिहून घेतली जाईल तीत "२०१९ साली स्टेंट" हे शब्द असणारच, कारण ते तुम्ही डॉक्टरांना सांगणार आणि सांगितलेच पाहिजे. तोच कागद क्लेमबरोबर कंपनीकडे जातो. अर्जात "नाही" आणि केस पेपरवर "आहे" अशी परिस्थिती मी शेकडो वेळा पाहिलेली आहे, आणि तिचा शेवट एकच असतो: माहिती दडवली या कारणाखाली क्लेम नामंजूर. सगळ्यात वाईट म्हणजे लपवलेल्या आजाराशी संबंध नसलेला क्लेमही मग संशयाने तपासला जातो. तेव्हा तिन्ही गोष्टी लिहा, सालासकट लिहा. हप्ता वाढेल, कदाचित तपासण्या सांगतील, कदाचित एखादी कंपनी नकारही देईल. पण नकार पुण्यात मिळालेला बरा.

अमेरिकन कंपन्यांच्या पाहुण्यांसाठीच्या बहुतेक योजनांत असा प्रश्न विचारतच नाहीत, म्हणून लोकांना त्या सोप्या वाटतात. तिथे चाळणी अर्जाच्या वेळी नसते, ती क्लेमच्या वेळी लागते. तेव्हा जुने सगळे कागद मागवतात आणि आजार आधीपासूनचा होता का हे पाहतात.

आता १,००,००० या आकड्याविषयी. एजंटने दाखवलेली योजना 'फिक्स्ड बेनिफिट' आहे की 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', हे त्याला आजच विचारा. हप्ता जवळपास सारखाच असेल, तर मला पहिल्या प्रकाराची शंका येते. फिक्स्ड बेनिफिटमध्ये प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम मिळते: डॉक्टरांच्या एका भेटीला इतके, इस्पितळातल्या एका दिवसाला इतके, शस्त्रक्रियेला इतके. बिल कितीही आले तरी कंपनी तेवढेच देते, बाकीचे तुमच्या खिशातून जातात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर एक लाख छापलेले असते, पण त्या लाखापर्यंत पोहोचण्याचा रस्ताच आतल्या तक्त्याने बंद केलेला असतो. कॉम्प्रिहेन्सिव्ह योजनेत आधी डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीची ठरलेली रक्कम, तुम्ही भरता. त्यानंतर नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या, इस्पितळात साधारणपणे पहिल्या ५,००० डॉलरपर्यंत कंपनी ८० टक्के आणि तुम्ही २० टक्के, आणि त्यापुढे कमाल मर्यादेपर्यंत सगळे कंपनी, अशी रचना बऱ्याच योजनांत असते. तिचा हप्ता जास्त असतो, आणि तो का जास्त असतो हे वरच्या फरकावरून लक्षात येईल.

मात्र कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतली म्हणून जुना आजार आपोआप त्यात आला असे समजू नका. आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचे कलम 'ॲक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एग्झिस्टिंग कंडिशन' या नावाने असते. त्याचा अर्थ असा की जुना आजार अचानक, कुठलीही पूर्वसूचना न देता उसळला आणि बहुधा २४ तासांच्या आत उपचार घेतले, तरच तो खर्च मिळतो. दोन दिवस छातीत जड वाटत होते आणि तिसऱ्या दिवशी गेलो, असे केस पेपरवर आले तर कंपनी त्याला अचानक म्हणत नाही. साखर हळूहळू वाढत गेली, नेहमीची तपासणी केली, गोळी बदलून घेतली, हे यात येत नाही. शिवाय अनेक योजनांत हे कलम सत्तरीच्या आतल्यांनाच लागू असते, आणि हृदयविकार व पक्षाघात यांना वेगळी, खूप खालची मर्यादा असते. यजमान ६६ वर्षांचे आहेत, म्हणून वयाची अडचण नसावी, पण हृदयविकाराची मर्यादा किती डॉलर आहे हा आकडा पॉलिसीच्या मजकुरात बोट ठेवून वाचा. माहितीपत्रकावर जाऊ नका.

भारतीय कंपनीची पॉलिसी घ्यायची असेल तर ती देश सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते. तिच्यातही जुन्या आजारासाठी बहुधा जिवावर बेतले तरच, आणि मर्यादित रक्कम, असेच कलम असते. साठीच्या पुढच्यांना खोलीभाडे, सर्जनची फी यांना उपमर्यादा असतात. दोन्हींचे मजकूर समोरासमोर ठेवून फक्त याच कलमाची तुलना करा.

इथल्या मेडिक्लेमचे उत्तर अगदी थोडक्यात देतो: हप्ता चुकवू नका. ती पॉलिसी अमेरिकेत सहसा उपयोगी पडत नाही हे खरे, पण अकरा वर्षांची सलगता ही या वयात पैशाने विकत मिळणारी वस्तू नाही. विमा नियामकाने एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे त्यांचा खर्च मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला, आणि सलग ६० महिने पूर्ण झालेल्या पॉलिसीत फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय जुनी माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही. आपण या दोन्ही टप्प्यांच्या कितीतरी पुढे आहात. पॉलिसी तुटली तर मार्चमध्ये परतल्यावर स्टेंटसकट नवा अर्ज आणि नवा प्रतीक्षा काळ. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची वाढीव मुदत असते, पण तिच्यावर विसंबू नका. निघण्यापूर्वी आगाऊ भरता येतो का पाहा, नाहीतर बँकेत स्वयंचलित भरण्याची सूचना देऊन ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे, तेवढा भार कमी झाला.

जावयाच्या ऑफिसच्या विम्यात पत्नी आणि मुले येतात. सासू-सासरे सहसा येत नाहीत. बाळाचे नाव मात्र जन्मानंतर ठरलेल्या मुदतीत घालावे लागते, बहुतेक ठिकाणी ३० दिवस. बाळंतपणाच्या धांदलीत ते राहून जाते, म्हणून जावयाला आठवण करून द्या.

तळजाई

शनिपार काकांनी सांगितलेला फरक आम्ही पैसे मोजून शिकलो, म्हणून लिहिते.

२०२२ साली आम्ही दोघे मुलाकडे टेक्सासला गेलो होतो. पॉलिसी एजंटने सुचवली तीच घेतली, एक लाख डॉलरची, आणि ती फिक्स्ड बेनिफिट आहे हे शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकले ते क्लेम भरताना. तिसऱ्या महिन्यात एका रात्री यजमानांना दरदरून घाम सुटला आणि डावा हात जड पडला. मुलाने रुग्णवाहिका बोलावली. हृदयविकार नव्हता, पित्ताचा त्रास निघाला. पण ते कळेपर्यंत रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, सीटी स्कॅन आणि एक रात्र देखरेखीखाली असे सगळे झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी आलो, यजमान वरणभात जेवले, आणि आम्हाला वाटले की संपले.

त्यानंतर सहा आठवडे बिले येत राहिली. इस्पितळाचे वेगळे, तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांचे वेगळे, स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचे वेगळे, रुग्णवाहिकेचे वेगळे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती पाकिटे तारखेप्रमाणे लावून ठेवत असे. एकूण २१,००० डॉलरच्या वर गेले आणि पॉलिसीतून मिळाले ३,४०० डॉलर. आम्ही काहीही लपवले नव्हते, क्लेम नाकारलाही नव्हता. तक्त्यात जेवढे लिहिले होते तेवढे त्यांनी दिले. मुलाने नंतर इस्पितळाशी बोलून बिल बरेच कमी करून घेतले, पण त्या दोन महिन्यांत यजमान रोज म्हणत, "मी उगाच घाबरलो, सकाळपर्यंत थांबायला हवे होते." ताई, मला सर्वात जास्त त्रास या वाक्याचा झाला. पुढच्या वेळी खरोखर दुखले तर हा माणूस बिलाच्या भीतीने गप्प बसेल, असे मला वाटू लागले. म्हणून मागच्या वर्षी गेलो तेव्हा महाग का होईना, कॉम्प्रिहेन्सिव्हच घेतली. तिचा एक डॉलरही वापरावा लागला नाही, आणि त्याची मला अजिबात हळहळ नाही.

डॉक्टर, सहकारनगर

विम्याचे उत्तम मार्गदर्शन झालेच आहे. मी प्रकृतीबद्दल लिहितो, कारण नेहमीच्या देखभालीचा खर्च पाहुण्यांच्या बहुतेक पॉलिसी देत नाहीत. तेवढी काळजी निघण्यापूर्वी इथेच घ्यायची असते.

निघण्याच्या दीड महिना आधी यजमानांच्या हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. ईसीजी, गरज वाटल्यास इको, तीन महिन्यांची सरासरी साखर, मूत्रपिंडाची तपासणी आणि डोळ्यांचा पडदा एवढे करून घ्या. दाताची कुरकुर असेल तर तीही इथेच मिटवा, कारण तिथे दातांचा खर्च वेगळाच असतो. अँजिओप्लास्टीचा डिस्चार्ज कागद, स्टेंटचे कार्ड आणि ताजा ईसीजी यांच्या प्रती सामानात, फोनमध्ये आणि लेकीकडे अशा तिन्ही ठिकाणी ठेवा. तिथल्या डॉक्टरांना जुना ईसीजी मिळाला की नव्यात काय बदलले आहे हे पटकन ठरवता येते.

औषधांविषयी नीट लक्ष द्या. तिथल्या औषध नियामकाच्या मार्गदर्शनानुसार पाहुण्याने स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांची औषधे बरोबर न्यावीत. त्याहून जास्त राहणाऱ्यांना उरलेली नंतर कुरियरने मागवता येतात, आणि त्या पार्सलसोबत डॉक्टरांचे इंग्रजीतले पत्र, प्रिस्क्रिप्शन आणि व्हिसा-पासपोर्टच्या प्रती जोडाव्या लागतात. म्हणून आताच आपल्या डॉक्टरांकडून ते पत्र दोन प्रतींत घ्या. त्यात औषधांची मूळ नावे असू द्या, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिथे कोणाला कळत नाहीत. पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटामिनोफेन म्हणतात. आपली ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन तिथे ८१ मिलिग्रॅममध्ये मिळते. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा, डबीत सुट्या करून नेऊ नका. पुण्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही, हेही लक्षात असू द्या. निमेसुलाइडसारखे वेदनाशामक अमेरिकेत मंजूरच नाही, ते नेऊ नका. हृदयाच्या रुग्णाने मनाने वेदनाशामके घेऊही नयेत. इन्सुलिन असेल तर हातातल्या बॅगेत ठेवा, विमानाच्या पोटात ते गोठू शकते. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पुरेशा न्या, दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्या आपल्या यंत्रात चालत नाहीत.

प्रवासाचा हिशेब लोक विमानापासून धरतात. पुण्याहून मुंबईपर्यंत चार तास गाडीत, विमानतळावर तीन तास आणि मग थेट विमान असले तरी पंधरा-सोळा तास, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस पाय खाली सोडून बसणे. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका यातूनच येतो. दर तास-दीड तासाने उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी प्या. ऑक्टोबरमध्ये न्यूजर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, त्यामुळे तो दिवस लांबतो. मधुमेहाच्या गोळीत ग्लिमेपिराइड असेल तर जेवण लांबले की साखर एकदम उतरू शकते. त्या दिवशीचे गोळ्यांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि खिशात काहीतरी गोड असू द्या.

आता नातवंडासाठी. नवजात बाळाजवळ राहणाऱ्या आजी-आजोबांनी डांग्या खोकल्याची लस, म्हणजे टीडॅप, बाळाच्या सहवासात येण्यापूर्वी किमान दोन आठवडे घ्यावी अशी तिथली शिफारस आहे, कारण बाळाला स्वतःची लस दोन महिन्यांचे झाल्यावर सुरू होते आणि तोवर ते उघडे असते. ही लस पुण्यात मिळते. फ्लूची या वर्षीची लस दोघांनीही घ्यावी, आणि यजमानांनी न्यूमोनियाच्या लसीबद्दलही विचारावे.

थंडीत टेकडी नसेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फावर घसरून मनगट किंवा खुबा मोडण्याची भीती असते, म्हणून मॉलमध्ये किंवा घरातल्या जिन्यावर रोज ठरलेल्या वेळी चालावे. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. गरम पाण्याची पिशवी किंवा हीटर पायाशी घेऊन झोपू नये, भाजलेले कळत नाही. रोज रात्री तळपाय बघण्याचे काम तुम्ही करा. आणि लेकीसाठी डिंकाचे, अळिवाचे लाडू वळाल तेव्हा त्या डब्यातला लाडू यजमानांना रोज मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. परदेशातून परतलेल्या माझ्या रुग्णांची साखर वाढलेली असते ती बहुतेक वेळा अशा डब्यांमुळे आणि बंद पडलेल्या चालण्यामुळे.

स्वतःचीही तपासणी करून घ्या, ताई. आपण यजमानांबद्दल इतके लिहिले, पण रात्री बाळ घेऊन बसणार आहात त्या आपण.

मयूर कॉलनी

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, मन भरून आले. डॉक्टर, माझा रक्तदाब दोन वर्षांत मोजलेला नाही. सोमवारी दोघांचीही वेळ घेतली आहे. एकच विचारते: रात्री-अपरात्री काही झाले तर कुठे जायचे, हे आम्हाला कसे कळावे? जावई प्रवासात असला आणि लेक ओली बाळंतीण, तर फोनवर इंग्रजीतून बोलायचे माझ्या अंगावर येते.

एडिसन

मावशी, मी इथे न्यूजर्सीतच राहते, आणि माझे आई-बाबा सातारा रस्त्यावरून दर दोन वर्षांनी येतात.

ताप, खोकला, पाय मुरगळणे, लघवीची जळजळ अशा तक्रारींसाठी अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात. तिथे वेळ न घेता जाता येते आणि खर्च इस्पितळाच्या तातडीच्या विभागाच्या तुलनेत बराच कमी असतो. अनेक पॉलिसींत तातडीच्या विभागात गेलात आणि भरती झाली नाही तर जास्तीचे डिडक्टिबल लागते, म्हणूनही हे महत्त्वाचे. पॉलिसी हातात आली की घराजवळचे नेटवर्कमधले अर्जंट केअर आणि इस्पितळ कोणते हे लेकीकडून शोधून घ्या आणि पत्ता फ्रिजवर लावा.

छातीत दुखणे, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर दुसरा विचार न करता ९११ हा इथला तातडीच्या मदतीचा क्रमांक फिरवायचा. पॉलिसी, नेटवर्क, बिल हे सगळे नंतर. १९८६ च्या एका कायद्यानुसार इस्पितळाच्या तातडीच्या विभागाला रुग्णाची ऐपत न पाहता तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. इंग्रजीची भीती बाळगू नका. इस्पितळात दुभाषा मोफत मिळतो, आपण फक्त "मराठी" असे सांगायचे. माझ्या आईने तसे सांगितल्यावर दहा मिनिटांत फोनवर मराठी बोलणाऱ्या बाई आल्या आणि आईने त्यांना सगळे आजार तारखेनिशी सांगितले. एका कागदावर घरचा पूर्ण पत्ता, यजमानांचे आजार, औषधे आणि ॲलर्जी इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ ठेवा आणि निघण्यापूर्वी तो दोन-तीनदा मोठ्याने वाचून बघा.

बिल आले तर लगेच भरू नका. आधी बाबवार तपशील मागवा, विमा कंपनीने आपला वाटा दिल्याचे पत्र येऊ द्या, आणि धर्मादाय तत्त्वावर चालणारे इस्पितळ असेल तर आर्थिक साहाय्याचा अर्ज मागा; असे धोरण ठेवणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. तळजाई काकूंच्या मुलाने बिल कमी करून घेतले, तसे इथे बरेच जण करतात.

मयूर कॉलनी

काल एजंटला घरी बोलावले होते. त्याची एक लाखाची योजना फिक्स्ड बेनिफिटच निघाली. दोन कॉम्प्रिहेन्सिव्ह योजनांचे आणि इथल्या एका पॉलिसीचे पूर्ण मजकूर मागवले आहेत. हृदयविकाराच्या मर्यादेखाली जावयाने रेघ मारून पाठवले की ठरवू. इथल्या कंपनीचा जुना अर्ज फाडून नवा भरला. पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात मधुमेह, रक्तदाब आणि स्टेंट असे मी माझ्या हाताने सालासकट लिहिले, आणि यजमानांनी चष्मा लावून, वाचून, खाली सही केली.